आप्पांच्या दोन लाइनी

आमच्या ऑफिसातल्या आप्पांइतका धास्तावलेला माणूस सबंध निपाणीत नसेल, आणि धास्तीची इतकी जय्यत तयारी तर कुणीच केली नसेल. खिशात दोन पेनं, नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. मोबाइलमध्ये एक कार्ड कर्नाटकाचं, एक महाराष्ट्राचं. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कुठलं दगा देईल सांगता येत नाही म्हणून. पावसाळ्यात हातात छत्री आणि पिशवीत रेनकोट असायचा, तरी भिजायचेच, कारण काय वापरावं हे ठरेपर्यंत सर थांबलेली असायची.

आमचं ऑफिस कर सल्लागाराचं. इंटरनेट बंद म्हणजे कामच बंद. म्हणून आप्पांनी मालकांच्या मागं लागून दोन लाइनी घेतल्या, एक रस्त्याखालून येणारी आणि एक गच्चीवरच्या डिशमधून. दोन्ही एकाच राऊटरला जोडल्या. एक गेली की काम आपोआप दुसरीवर जायचं. पहिलीला ते थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. "आज थोरली फुगून बसलीया," असं घरच्यासारखं सांगत. एवढी सोय झाल्यावर माणसानं निवांत व्हावं की नाही? पण आप्पा डबासुद्धा राऊटरच्या दिव्यांसमोर खायचे. "दोन बैलं जुंपली म्हणून गाडीवान झोपतो व्हय गं?" म्हणायचे. रजा त्यांनी कधी घेतलीच नाही.

सदलग्याला त्यांची बहीण होती, आक्का. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं. ती अंथरुणाला खिळली आणि एका बुधवारी भाच्याचा फोन आला, "मामा, आई तुमचंच नाव घेतीया." रिटर्न भरायची मुदत शनिवारी संपत होती. "जावा आप्पा," म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांचं डोकं खाल्लं. "मी न्हाय आणि लाइन गेली तर? रविवारी जातो की," हेच उत्तर. शुक्रवारी सकाळी पुन्हा फोन आला, तसे डबा टेबलावरच टाकून धावत सुटले. ते पोचायच्या आत आक्का गेली होती.

त्याच दिवशी कुणीतरी रस्ता खणला आणि थोरली बंद पडली. आम्हाला कळलं ते संध्याकाळी दुरुस्तीवाले आले तेव्हा. धाकटीनं सगळं काम बिनबोभाट ओढलं होतं.

दिवसकार्य उरकून आप्पा परत आले. पहिला प्रश्न तोच. "लाइन गेलती का गं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "गेलती आप्पा. पण कुणाला कळलंबी न्हाय."

ते खुर्चीत बसले. "म्हंजे मी बुधवारी गेलो असतो तरी चाललं असतं," म्हणाले. मग, "बुधवारी बोलत हुती गं ती."

आप्पांनी ती जोडणी इतकी चांगली केली होती, याचंच मला अजून वाईट वाटतं.