नानांच्या सोळा विटा

खानदेशात हट्टी माणसांचं पीक कपाशीइतकंच जोमदार येतं. पण आमच्या कचेरीतल्या नानांसारखं बोंड मी दुसरं पाहिलं नाही. धुळ्यातल्या त्या कचेरीत त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. मी हेडक्लार्क, ते आवक-जावक बघायचे. वयानं मात्र ते मला थोरले. सल्ला पाळायचा तर शेवटच्या थेंबापर्यंत, असा त्यांचा खाक्या. घास बत्तीस वेळा चावावा असं कुणी सांगितलं, तर दीडला उघडलेला त्यांचा डबा चारला बंद व्हायचा. चहानं पित्त होतं असं ऐकलं तेव्हा त्यांनी चहा सोडलाच, शिवाय पिणाऱ्याकडे असं बघू लागले की पित्त मला व्हायचं. तर अशा माणसाची कंबर धरली. महिनाभर अंथरुणात काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं की खुर्चीत बसणं जरा कमी करा. त्यातला 'जरा' नानांनी तिथेच दवाखान्यात ठेवून दिला.

कामावर परतल्यापासून ते देवपुरातून सायकलवर येताना पिशवीत रोज दोन विटा आणू लागले. कचेरीतल्या वस्तू घरी नेणारे मी पुष्कळ पाहिले होते. घरची वस्तू कचेरीत आणणारा हा पहिलाच. आठ दिवसांत सोळा विटा जमल्या. नवव्या दिवशी आम्ही चौघांनी टेबल उचलून धरलं, नानांनी एकेका पायाखाली चार-चार विटा रचल्या, खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि कोपराच्या उंचीला आलेल्या टेबलाशी उभे राहून टपाल नोंदवायला सुरुवात केली. विठोबाचा मान टेबलाला मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर हळदकुंकू वाहून ठेवलं. नानांनी ते फडक्यानं पुसलं आणि काम चालू ठेवलं.

खेड्यावरून येणाऱ्यांना वाटे, हा माणूस घरी निघालाय. ते घाईनं कागद पुढे करत आणि नाना तो तिथल्या तिथे नोंदवत. साक्रीकडच्या एका आजीबाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, यास्ले उभं कोनी करं?" त्यांचे तेच उभे राहिलेत म्हटलं तर त्यांना पटेना. जाताना त्या माझ्याकडे रागानं बघून गेल्या.

सहा महिने नानांची कंबर मुकाट होती. मग नवे साहेब आले. साहेब हॉलमध्ये शिरले की सगळ्यांनी उठायचं, ही रीत. आम्ही उठत असू; नाना आधीच उभे. ते हात जोडत, पण साहेबांना काहीतरी कमी पडे. आठवड्यानं त्यांनी मला बोलावून तक्रार केली की हे गृहस्थ मला पाहून उठत नाहीत. मी म्हटलं, साहेब, ते उभेच असतात.

"उभं असणं वेगळं, उठणं वेगळं," साहेब म्हणाले, आणि शनिवारपर्यंत विटा काढायचा हुकूम दिला.

मी एक तोड काढली. मागे स्टूल ठेवू. जीपचा आवाज आला की टेकायचं, साहेब दिसले की उठायचं, दोन मिनिटांचा प्रश्न. नाना दुखावले की शिरपूरकडच्या आपल्या बोलीत शिरत. "भाऊ, मी साहेबासाठे उठसू," ते शांतपणे म्हणाले, "पन उठासाठे बसाव नही."

शनिवारी मी माझ्या हातानं विटा काढल्या. नानांनी अडवलं नाही, पण बसलेही नाहीत. खाली गेलेल्या टेबलावर ओणवे होऊन ते दिवसभर लिहीत राहिले. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. बसा म्हणून मी दोनदा हात जोडले, तर त्यांनी मलाच कामाला लावलं. बुधवारी सकाळी साहेब आत आले, आम्ही उठलो, आणि नाना टेबलाशी कमरेत वाकलेले. इतका लवून नमस्कार साहेबांना बहुधा कुणी केला नसावा. ते प्रसन्न झाले. "असू द्या, असू द्या," म्हणत पुढे गेले. दारापाशी वळून बघतात तर नाना अजून तसेच. घामाचे थेंब रजिस्टरवर पडत होते आणि त्यांना सरळ होता येत नव्हतं. साहेबांचा चेहरा एकदम उतरला. ते धावत परत आले, त्यांनी स्वतः नानांना काखेत हात घालून सावरलं आणि आपल्या जीपमधून घरी पोहोचवलं.

त्या विटा मी काढल्या होत्या. साहेबांना नाही म्हणायला माझी जीभ का उचलली नाही, याची मला आजही लाज वाटते.

साहेबांनी दुसरा हुकूम काढला नाही. पण गुरुवारी ते मागच्या व्हरांड्यातून थेट आपल्या खोलीत गेले, आणि बदली होईपर्यंत रोज तसेच जात राहिले. हॉलमधलं उठणंच संपलं. मी काय समजायचं ते समजलो आणि विटा पुन्हा रचल्या. तीन आठवड्यांनी नाना आले, टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, "भाऊ, हाई ईट तिरपी शे." एवढंच. मी ती सरळ करताना माझे डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

पुढची पाच वर्षं ते तिथेच उभे होते. निवृत्त होऊन शिरपूरला गेले आणि त्याच आठवड्यात टेबल खाली आलं. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ भले होते, बसून नेटकं काम करायचे. पण शेजाऱ्याशी मान वर करून बोलायची माझी सवय काही मोडली नाही. काही विचारायला मी वर बघायचो, तर समोर नुसती भिंत असायची.