ग्राफिक्स कार्डावर ओलं पोतं

गेल्या उन्हाळ्यात मी घरबसल्या वैद्यकीय संशोधनाला हातभार लावायचं ठरवलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात खाली आमचं फुलांचं दुकान आणि वर घर. जोडधंदा म्हणून मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्यासाठी घेतलेलं दणकट ग्राफिक्स कार्ड एरवी रिकामंच असायचं, आणि आमच्या बाबांना घरात कुणी रिकामं बसलेलं खपत नाही (हे मी लहानपणापासून भोगलंय). मग कळलं, की अशी रिकामी ताकद संशोधकांना देता येते. ते इंटरनेटवरून गणिताचा एक तुकडा पाठवतात आणि आपलं कार्ड तो सोडवून परत करतं. दोन दिवस डोकं खाजवून मी त्याचं सॉफ्टवेअर बसवलं. पहिला तुकडा आला. मुदत, रविवार संध्याकाळ!

"काय करून राह्यला बाबू?" बाबांनी विचारलं.

"औषध शोधनाऱ्या लोकायचं गनित करून देऊन राह्यलो. फुकट."

'फुकट' हा शब्द बाबांना पटला. मयतीच्या फुलांचे त्यांनी आजवर कुणाकडून पैसे घेतलेले नाहीत. "मंग चांगलं आहे," ते म्हणाले. "पन वेळेवर देजो. आपल्या घरून कोनाचं काम उशिरा गेलं नाई."

झालं! प्रश्न घराण्याच्या अब्रूचा झाला. बाबा गिऱ्हाइकांना हाराबरोबर ही बातमीही बांधून देऊ लागले. लोक पाहायला यायचे, मी सकाळपासून संगणकापुढे ठाण मांडून! पडदा काळा झाला की काम बंद पडल्यासारखं वाटायचं, म्हणून दर मिनिटाला माउस हलवायचो. रात्री मात्र संगणक बंद करायचो (त्यालाही विश्रांती नको का?).

गुरुवारी बारा टक्के काम झालं. शुक्रवारी सकाळीही बारा!

"तापून राह्यलं असन," बाबांनी निदान केलं. मी घरातला एकुलता एक कुलर संगणकाकडे वळवला.

"अवो, इकडे मानसं भाजून राह्यली, अन् तुमी मशीनले हवा देऊन राह्यले!" माझी बायको सुनंदा पदराने वारा घेत कडाडली.

चहा घेऊन परत येतो, तर बाबा ओलं पोतं संगणकावर अंथरण्याच्या बेतात!

"बाबा, थांबा!"

"कावून? ओल्या पोत्याखाली शेवंती नाई का टिकत?"

मी पोतं हवेतच झेललं. अर्धं पाणी माझ्या अंगावर आलं. खरं सांगू, बरं वाटलं.

शनिवारीही आकडा जेमतेम तिथेच, आणि सुनंदाच्या भाचीचं लग्न नांदगाव खंडेश्वरला! मांडवाची फुलं आमची. मी जाहीर केलं, "मी येत नाई."

"इथं बसून काय उजेड पाडून राह्यला?" बाबा म्हणाले. "टोपल्या कोन उचलन? चाल, गाडीत बस!"

संगणक चालू ठेवून निघालो. त्या लग्नाच्या फोटोंत मी नवरीच्या बापापेक्षा रडवेला दिसतो.

रविवारी दुपारी परतलो. चपला न काढताच माउस हलवला. शंभर टक्के! काम पोचलं होतं, तेही मुदतीच्या आधी! मग मी सेटिंग नीट वाचली. 'कुणी संगणक वापरत असेल तर ग्राफिक्स कार्डाचं काम थांबवावं.' त्यापुढे पहिल्या दिवसापासून बरोबरची खूण होती. म्हणजे मी माउस हलवायचो आणि कार्ड अदबीने थांबायचं! ते बारा टक्केसुद्धा मी जेवायला उठलो तेव्हाचे.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते तडक दुकानात उतरले, आणि खालून त्यांचा खणखणीत आवाज आला, "संध्याकाळी द्याचं होतं. आमी दुपारच्या आत देल्लं!" छाती माझीही फुगली, खोटं कशाला बोलू?

आता नवा तुकडा आला की सुनंदा मला दुकानात पिटाळते. "जा, काम होऊ द्या!" रोगांवर औषध निघेल तेव्हा निघेल, पण त्यासाठी मी केलेलं आजवरचं सर्वांत मोठं काम म्हणजे मी नांदगाव खंडेश्वरला गेलो!