गाढवावरची मिरवणूक

रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गावात आमच्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी सकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा, आणि बाकीचा आठवडा मी त्या वर्गाची वाट बघत काढायची. हे तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, काय करणार, फादरांनी गळ्यात मारलंय. खरं तर मीच हात धुऊन त्यांच्या मागे लागून तो वर्ग मागून घेतला होता.

नवरा कंपनीत शिफ्टला. नाइट करून आला की दुपारपर्यंत झोपायचा, आणि जागा असला तरी तोंडातून शब्द काढायला त्याला कष्ट पडायचे. मूल आम्हाला झालं नाही. वसईला माहेरी घर भरून माणसं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली माळेची प्रार्थना, त्यात बहिणी-बहिणींनी एकमेकींना मारलेली कोपरं. आणि इथं पुलापलीकडे भाड्याच्या दोन खोल्या. शेजारीण जिवाला जीव देणारी होती, वालाचं बिरडं केलं की वाटीभर आणून द्यायचीच. पण तिचं घर सदा माणसांनी भरलेलं, माझ्यापाशी टेकायला तिला वेळ कुठला? एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला नाही झाली. मी चिडकी झाले तेवढी.

रोह्यात तेव्हा कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, सगळी कंपनीमुळे आलेली. कुणी गोव्याचे, कुणी केरळचे, आम्ही वसईचे. घराघरात भाषा वेगळी. पण पोरं मराठी शाळेत जायची, बाजारातल्या पोरांबरोबर खेळायची, त्यामुळे सगळी नाय आणि व्हय बोलायची. येशूही त्यांना त्याच भाषेत सांगावा लागायचा. चर्च होतं पेणला. तिथले फादर महिन्यातून एकदा यायचे आणि आमच्याच खोलीत टेबलावर पांढरा कपडा अंथरून मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, करायचे.

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि फादर चहा पिता पिता म्हणाले, "पेणला आता सिस्टर आल्यात. शिकलेल्या आहेत, पेटी वाजवतात. कंपनी रविवारी जीप द्यायला तयार आहे. मुलांना तिकडंच पाठवावं असं काही पालकांचं म्हणणं पडतंय."

"मग माझा वर्ग?" मी विचारलं.

"झावळ्यांच्या रविवारी मी इथंच येतोय. मुलांना एक-दोन प्रश्न विचारीन. तयारी चांगली असली तर राहू दे की इथंच."

म्हणजे परीक्षा पोरांची नव्हती, माझी होती. वर्ग गेला तर माझ्या रविवारात उरणार काय, भांडी आणि घोरणारा नवरा?

धडा त्यांनीच ठरवून दिला होता: येशू यरुशलेमात येतो आणि लोक आनंदानं त्याची स्तुती करतात. मला तो आवडायचा. उपवासकाळात आलेलुया म्हणायला बंदी असते. चाळीस दिवस पोरांना तो शब्द गिळून बसावं लागतं, आणि मग मध्येच या एका रविवारी होसान्नाचा जयजयकार करून घसा मोकळा करायला मिळतो. म्हटलं, हे तर सोपं आहे. गाणं शिकवू, झावळ्या हलवायला लावू, पोरं खूश, फादर खूश.

पहिल्याच रविवारी मी ऐटीत सांगायला सुरुवात केली. "मग येशूला त्यांनी गाढवावर बसवलं, आणि सगळा गाव ओरडत त्याच्या पुढं-मागं चालू लागला."

एरवी माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणारी पोरं एकदम चिडीचूप. मला वाटलं, काय रंगलाय धडा! तेवढ्यात सगळ्यात धाकटी, केरळच्या ऑपरेटरची मुलगी, जेमतेम पहिलीतली, तिचे ओठ थरथरायला लागले.

"त्यानं काय केलेलं?" तिनं विचारलं.

"कुणी?"

"येशूनं. चोरी केलेली?"

मग डोक्यात प्रकाश पडला. शिमगा नुकताच झाला होता. बाजारातल्या पोरांनी एका माणसाला तोंडाला काळं फासून, गळ्यात चपलांचा हार घालून गाढवावर उलटं बसवलं होतं, आणि डबे बडवत, बोंबा मारत गावभर फिरवलं होतं. ते शिमग्याचं सोंग होतं, माणूसही आपखुशीनं बसलेला. पण हिनं ते बापाच्या खांद्यावरून बघितलेलं, आणि सोंग कशाशी खातात ते त्या वयाला काय कळणार? शिवाय गाढवावरून धिंड काढीन हे वाक्य आमच्याकडं पोरांच्या कानावरून जातच असतं. मी स्वतः मोठ्या मुलांना दर रविवारी गाढवा, गप बस म्हणत होते. आता त्याच तोंडानं गाढवावर देव बसवला होता.

मी सावरायला गेले. "अगं, त्यांच्या देशात गाढवाला मान असतो. राजा शांततेनं आला की गाढवावरून यायचा."

"मग घोडा का नाय?" गोव्याच्या फिटरचा मुलगा म्हणाला. तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात आगाऊ.

"घोडा लढाईला. आणि लोकांनी त्याच्यासाठी वाटेवर कपडे अंथरले..."

"त्याचे कपडे काढले?" धाकटीनं विचारलं, आणि तिनं भोकाडच पसरलं.

"त्याचे नाही गं, स्वतःचे!" पण माझं कोण ऐकतंय. त्या दिवशी मी हात टेकले आणि सगळ्यांना गोळ्या वाटून घरी पाठवलं.

पुढच्या रविवारांना मी घोकंपट्टीवर आले. लोक होसान्ना का म्हणाले? आपला राजा आला म्हणून त्यांना आनंद झाला. बोला. परत बोला. पोरांनी ते पाढ्यासारखं पाठ केलं. धाकटीही बोलायची, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवत. गाताना तर तिच्याकडं बघवायचं नाही. बाकीची पोरं झावळ्या हलवत नाचायची आणि ही खाली मान घालून उभी. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, रागावून सांगितलं, गोडीगुलाबीनं सांगितलं. ती मान डोलवायची. तिची समजूत पटली असं मी धरून चालले, कारण मला तसं धरून चालायचं होतं.

झावळ्यांच्या रविवारी शेजारणीनं तिच्या माडाच्या झावळ्या काढून दिल्या. खोली खचाखच भरली. कोपऱ्यात नवरासुद्धा इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. मिस्सा झाला आणि फादर पोरांकडं वळले. मोठ्यांनी धडाधड उत्तरं दिली, एकही चुकलं नाही. फादर खूश दिसले. माझा जीव भांड्यात पडला. तिथंच थांबायचं की नाही त्यांनी? पण ते खाली वाकले आणि धाकटीला म्हणाले, "आणि तू सांग बघू. लोक होसान्ना का म्हणाले गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी हळूच मान हलवली. बोल बाळा, पाठ आहे ना तुला.

"त्याला एकटं वाटू नये म्हणून," ती म्हणाली.

"कुणाला?"

"येशूला. सगळे त्याला बघत व्हते ना. तो एकटाच व्हता वर. मग ते मोठ्यानं बोलले, म्हणजे त्याला कळलं आपली मानसं हायत."

"आणि वर म्हणजे कुठं?"

"गाढवावर. धिंड काढलेली त्याची."

खोलीत आधी हशा पिकला, मग तो अर्धवटच थांबला. तिच्या आईनं तोंडावर हात ठेवला. फादर हसले, त्यांनी तिचा गालगुच्चा घेतला आणि मग माझ्याकडं बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना माझी कीव आली होती.

निघताना ते म्हणाले, "सिस्टरचं ट्रेनिंग झालेलं आहे. ईस्टरच्या सणानंतर मुलं पेणलाच येऊ देत. तुम्हालाही जरा आराम."

आराम! तळपायाची आग मस्तकात गेली. पण पालक सगळे माना डोलवत होते, जीपच्या वेळेबद्दल बोलायलाही लागले होते. मला कुणी विचारलं नाही. सगळे गेल्यावर कप विसळताना माझ्या मनात आलं, पोरगी चुकली कुठं? त्याच आठवड्यात शुक्रवारी, क्रूसावर चढवायला नेताना, खरंच त्याचे कपडे काढले, खरंच त्याला गावातून नेलं, आणि तेव्हा होसान्ना म्हणायला कुणी नव्हतं. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "असेल," आणि आडवा झाला.

सणानंतरच्या रविवारी शेजारीण दारात येऊन म्हणाली, "आज पोरां नाय आली गो?"

"पेणला जातात आता," मी म्हटलं. ती बरं म्हणाली आणि गेली. मी खोली झाडून, चटई अंथरून बसले होते. चटई गुंडाळून ठेवली. त्यानंतर रविवार यायचा आणि जायचा, आणि सोमवारी दूधवाल्याशी बोलताना लक्षात यायचं की कालपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. पोरांची आठवण यायची असं म्हणणं पुरेसं नाही. मला ती हवी होती. दुसऱ्यांची होती म्हणून काय झालं, मला ती हवी होती.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी पापड आणायचं निमित्त काढलं आणि एसटीनं पेणला गेले. कारखान्यांच्या अंगणांत पांढरे गणपती वाळत होते, त्यांच्या कडेकडेनं चर्चपर्यंत चालत गेले. आत पेटीवर गाणं चाललं होतं. चांगलं चाललं होतं, सुरात, माझ्याकडं कधी झालं नाही असं. मी व्हरांड्यात पोरांच्या चपलांपाशी उभी राहिले. मला हेवा वाटला, आणि आपण इथं का आलो असंही वाटलं.

वर्ग सुटला. पोरं "बाई आल्या, बाई आल्या" म्हणत भोवती जमली आणि तशीच जीपकडं पळाली, कारण खिडकीची जागा पकडायची होती. धाकटी मागं राहिली. तिच्या हातात मारिया मातेचं चित्र होतं.

"सिस्टरनं दिलं," ती म्हणाली. "गाढव बोलायचं नाय. शिंगरू बोलायचं."

"आणि धिंड?"

"नव्हती. मिरवणूक व्हती. मी तसंच सांगितलं."

"शहाणी आहेस," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

ती चप्पल शोधायला लागली. ती मिळाली तरी पायात न घालता माझ्याकडं बघत उभी राहिली. "बाई, रविवारी तुमच्याकडं कोण येतं आता?"

"कुणी नाय," मी म्हटलं.

जीपचा हॉर्न वाजला. तिनं घाईघाईनं विचारलं, "आम्ही इथं गातो ते अष्टमीला ऐकू येतं काय?"

अष्टमी तिथून एसटीनं तासाभराच्या वर. मी म्हटलं, "येतं."

"मी सगळ्यांत मोठ्यानं बोलते," ती म्हणाली, आणि चपला हातात घेऊनच जीपकडं पळाली.