उजवीकडची जागा

समोरच्या सायकलच्या दुकानाबाहेर वामनराव रोज सकाळी एक लाल बादली भरून ठेवतात. नगरपालिकेचा बंब येऊन कितीतरी वर्षं झाली, आम्हा गावकऱ्यांचं आगपथक केव्हाच मोडलं, पण यांची बादली काही सुटत नाही. मला नुसतं बघूनच थकायला होतं.

पूर्वी जिनिंग मिलचा भोंगा थांबेना झाला, की आम्ही हातातलं काम टाकून धावायचो. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लागायची. डावीकडून बादली घ्यायची, उजवीकडे द्यायची आणि आपली जागा सोडायची नाही, एवढाच नियम. कापसाची गंजी पेटली तेव्हा अख्खा दिवस असे उभे होतो. भरलेली बादली इतकी जड असते, हे तेव्हा कुणाला जाणवलंच नाही.

आज खिडकीतून विचारलं, "वामनराव, आता कशाला हो हे?"

"बंब येईपर्यंत काय करायचं मग?"

नळापासून दुकानापर्यंत ते तीनदा थांबले. शेवटी दमून, जुन्या सवयीने, त्यांनी बादली उजवीकडे पुढे केली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली.

रांगेत त्यांच्या उजवीकडे मी असायचो.