कोपरभर पाणी

आबा आले की आधी चपला काढत. मग उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळत आणि माझ्या अंगणातल्या तळ्याच्या काठावर उकिडवे बसून हात कोपरापर्यंत पाण्यात घालत. डोळे मिटलेले. अशा वेळी आपण काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. मिनिटभराने, कधी दोन मिनिटांनी, हात बाहेर येई. पाण्यातले बोटभर मासे हातावरचे पांढरे केस चाखून जात, तेवढ्यासाठी ते थांबलेले असत. खांद्यावरच्या टॉवेलाने हात पुसत ते म्हणत, "जितं हाय."

एवढं बोलून चपला घालून चालू लागत.

तुमच्याही सोसायटीत असा माणूस असेल. हिरवा गणवेश, हातात पाइप, कानात भिकबाळी. आपण त्याला माळीकाका म्हणतो, दिवाळीला मिठाईचा पुडा देतो, आणि ज्या लॉनवर तो पाणी मारतोय ती जमीन एकेकाळी त्याचीच होती, हे आपल्या गावीही नसतं. घोटावड्यातले आमचे बंगले आबांच्या भातखाचरांवर उभे आहेत. विकलेल्या जमिनीवर तो माणूस माळी म्हणून राहिला. मुलांनी विरोध केला तेव्हा म्हणाले म्हणे, "घरी बसून काय भिंती बघू?"

घरांचे नंबर त्यांना शेवटपर्यंत आले नाहीत, किंवा त्यांनी ते येऊ दिले नाहीत. कुरियरवाल्याने चौदा नंबर विचारला की हे सांगत, "त्ये काय, जांभळीच्या खाचरात." आता जांभूळही नाही आणि खाचरही नाही. कुरियरवाला कपाळाला हात लावून पुढे जाई. आमच्या कमिटीच्या अध्यक्षीणबाई त्यांच्या लेखी ‘वरल्या बांधावरची बाई’ होत्या, आणि ते बाईंच्या तोंडावरही तसंच म्हणत. माझं घर राबाच्या खाचरात होतं, म्हणजे जिथे भाताचं रोप टाकत तिथे. "चांगल्या जागी बसलाय तुमी," असं मला कौतुकाने सांगत. जणू मी ती जागा नकाशात बघून नव्हे, माती हुंगून निवडली होती.

मी मूळचा मराठवाड्यातला. नोकरी हिंजवडीत. आमच्या गावी पाणी टँकरने येई आणि अंगणातल्या सिमेंटच्या हौदात साठे. टँकर येणार कळलं की आदल्या दिवशी हौदात उतरून तो घासायचं काम माझं. नारळाच्या शेंडीने तळापर्यंत घासायचा, शेवाळाचा ठिपका ठेवायचा नाही, मग दिवसभर ऊन खाऊ द्यायचं. आई वरून वाकून बघे आणि बोटाने एकेक कोपरा दाखवी. असं बालपण गेलेल्या माणसाला अंगणात शोभेचं पाणी हवंसं वाटणं ही चैनीची परमावधी. पण मला ते हवं होतं. आईला दाखवायचं होतं.

त्यासाठी मी निळा प्लॅस्टिकचा कागद, पंप आणि कारंज्याची तोटी मागवली. मोबाइलवर व्हिडिओ बघून खड्डा खणायला घेतला. आबा कुंपणाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी आत आले, कागद दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाले, "भात वाळवायला बरा हाय."

कागद खरंच त्यांच्या घरी गेला. त्यांनी खालच्या खाचरातली काळी चिकण माती आणली. खाली त्यांचा एक तुकडा तेव्हा अजून शिल्लक होता. ती माती त्यांनी खड्ड्यात पसरली, पाणी सोडलं आणि पायाने तुडवायला सुरुवात केली. लावणीआधी खाचरात चिखल करतात तसाच हा चिखल. तुडवून तुडवून माती अशी बसवायची की तिच्यातून पाणी झिरपत नाही. चार दिवस ते काम चाललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही उतरवलं. "सायेब, जोडं काढा. तुमच्या तळ्याला तुमचा पाय नगं का?"

माझी तेव्हा मीटिंग चालू होती. मी कानात इअरफोन घालून, पँट गुडघ्यावर घेऊन चिखल तुडवत होतो आणि मधूनमधून ‘येस, येस’ म्हणत होतो. आबा थबकले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "कुनाला व्हय म्हनताय?" मी कानाकडे बोट दाखवलं. "त्येला बी बोलवा मग," म्हणाले. "पाय लागत्याल तेवढं बरं."

पाणी भरलं आणि दहा दिवसांत ते हिरवंगार झालं. माझा जीव खालीवर. आबांनी हात घातला, वास घेतला, आणि मला पहिली आणि शेवटची ताकीद दिली, "आता हात लावायचा न्हाई. काय बी काढायचं न्हाई, काय बी टाकायचं न्हाई. उन्हाळ्यात घटलं तर बोरचं पानी वतायचं, त्ये बी काठाकाठानं."

मी हो म्हणालो. मीटिंगमध्ये म्हणतो तसंच.

मग एका सकाळी ते दोन बादल्या घेऊन दारात आले.  त्यांच्या शिल्लक तुकड्याच्या कोपऱ्यात एक तळी होती, दहा पावलांची. तीही जागा विकली गेली होती. तिथे क्लब हाउस होणार होतं आणि मुरमाचे डंपर दुपारी येणार होते. ती तळी आबांच्या जन्मात कधी आटली नव्हती. त्यांचे वडील तिच्याकाठी न्याहारी करत, आणि आबा पोहायला तिच्यातच शिकले होते. एका बादलीत पांढऱ्या कमळांचे गड्डे होते, चिखलासकट. दुसरीत ते बोटभर मासे.

"एवढं ठिवा," ते म्हणाले.

मला उगाच विचारावंसं वाटलं, नदीत का नाही सोडत?

"नदीचं पानी बघितलंय का तुमी? आन धरनात सोडलं तर मोठं मासं खात्याल. घरी समदं सिमीट झालंय, भाडेकरूंच्या खोल्या. हितं माझी माती हाय." मग बादल्या खाली ठेवून म्हणाले, "दुसरीकडं जागा न्हाई हो."

माशांचं गावातलं नाव त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि लक्षात ठेवलं नाही. ही गोष्ट पुढे येईल, म्हणून आत्ताच कबूल करून टाकतो.

दुपारी डंपर आले. आबा कामावर होते. ते लॉनवर पाइप धरून उभे राहिले आणि रस्त्यापलीकडे तळीत मुरूम पडताना बघत राहिले. पाइपमधलं पाणी एकाच जागी पडून तिथे डबकं झालं तरी त्यांना कळलं नाही. वरल्या बांधावरची बाई ओरडली तेव्हा त्यांनी पाइप हलवला.

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. कमळं वर आली. कमिटीच्या ग्रुपवर डेंग्यूची ओरड झाली, तळं बुजवा म्हणून मेसेज आले. आबांनी अध्यक्षीणबाईंना हाताला धरून आणलं आणि पाण्यात बोट दाखवलं. "डासाची आळी ह्ये खातंय. तुमच्या गच्चीवरल्या कुंड्यांत कोन खातंय, त्ये बघून या." बाई गच्चीवर गेल्या आणि पुन्हा विषय निघाला नाही. त्या वर्षी मी फार खूष होतो. सकाळचा चहा तळ्याकाठी घ्यायचा, आबांचं "जितं हाय" ऐकायचं आणि मग लॅपटॉप उघडायचा. आपण काहीतरी राखतो आहोत असं मला वाटे. राखत ते होते, मी नुसता घरमालक होतो.

एप्रिलमध्ये आबा बहिणीच्या गावच्या जत्रेला आठ दिवस गेले. त्याच आठवड्यात आई पहिल्यांदा आमच्याकडे यायची होती.

तुम्ही कधी आपलं घर आईच्या डोळ्यांनी बघितलंय का? ती यायच्या चार दिवस आधी, एका सकाळी मी बघितलं. तळं हिरवं दिसलं. काठाला शेवाळ, कमळाची जुनी पानं कुजलेली, तळ दिसत नाही. आई वाकून बघेल आणि बोटाने कोपरा दाखवेल, हे मला लख्ख दिसलं. मग माझं डोकं चाललंच नाही, हात चालले. मासे टबात काढले. पाणी उपसलं. गड्डे सडके वाटले, ते पोत्यात भरून घंटागाडीत दिले. मग आत उतरलो आणि नारळाच्या शेंडीने आबांची माती घासली. घासताना मला छान वाटत होतं. खोटं कशाला बोलू, लहानपणी शाबासकी मिळायची तसं वाटत होतं. मग तळ्याला दोन दिवस ऊन खाऊ दिलं.

मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मी त्यावर सिमेंटचा गिलावा केला. गिलावा वाळतो न वाळतो तोच टँकर मागवला. टँकरवाल्याने अभिमानाने सांगितलं की पाण्यात भरपूर ब्लीचिंग पावडर टाकलीय, अगदी शुद्ध आहे. तळ आरशासारखा दिसू लागला. मी मासे सोडले आणि आईला आणायला स्टेशनवर गेलो.

आम्ही परत आलो तेव्हा दुपार होती. आई पायही न धुता तळ्याकडे गेली. मी मागे उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती वाकली आणि तशीच राहिली. सगळे मासे वर आले होते, पोटं पांढरी करून.

"पाणी धुऊन काढलंस का रं तू?" आई म्हणाली.

मी तिला हौदाची आठवण करून दिली.

"त्यो हौद होता," ती म्हणाली. "त्यात काय जगत होतं रं?" मग पदराने तोंड पुसून तिने एकेक मासा ओंजळीत घेतला आणि जास्वंदीच्या मुळाशी पुरला. मी चाळणी आणली होती, तिने ती घेतली नाही.

आबा आले ते थेट जत्रेतून. हातात रेवड्यांचा पुडा होता, माझ्या आईसाठी. मी फाटकातच सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी चपला काढल्या होत्या, बाही गुंडाळली होती. माझं ऐकलं की नाही कोण जाणे. बसले, हात घातला, डोळे मिटले. मी उभा. इतका वेळ मी त्यांना कधीच बसलेलं बघितलं नव्हतं. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यांची बोटं तळाशी चाचपडताना दिसत होती.

"सिमीट लावलं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"हो."

"आन गड्डं?"

मी घंटागाडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पावसाची बातमी ऐकावी तशी. मी रडायला लागलो, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू द्या. तुमी चांगल्यासाटीच केलं." मला शिव्या चालल्या असत्या. हात पुसून ते उठले. रेवड्यांचा पुडा काठावरच राहिला, तो आईने उचलला.

त्यानंतर ते माझ्या घरावरून जाईनासे झाले. लॉनला पाणी मारायला पलीकडून वळसा घेत. महिन्याभराने कामही सोडलं.

मी हात जोडायला गेलो नाही, मासे शोधायला गेलो. वाटलं, तसेच मासे आणू, गिलावा फोडू, माती बसवू, मग त्यांच्यापुढे उभं राहू. पौडच्या बाजारात विचारलं, मुळशीत धरणाकाठी मासे विकणाऱ्या बायकांना विचारलं. "कुठलं मासं?" त्या विचारत. मी बोट दाखवी, एवढं. "नाव काय त्याचं?" नाव मला येत नव्हतं. एक बाई हसून म्हणाली, "नावाबिगर काय देऊ बाबा तुला?"

म्हणून शेवटी आबांकडे गेलो, नाव विचारायला. पावसाळ्याच्या तोंडाशी. पुढे भर पावसात ते गेले. भाताची लावणी चालू होती, आणि खांदा द्यायला माणसं मिळायला वेळ लागला असं वॉचमन सांगत होता. पण मी गेलो त्या दिवशी ते होते. सुनेने वर बोट दाखवलं. "गच्चीवर हायेत. दिवसभर तितंच. तुमीच सांगा काहीतरी, भाडेकरू कावत्यात."

गच्चीवर काळी प्लॅस्टिकची टाकी होती. झाकण बाजूला ठेवलेलं. आबा विटांच्या चवडीवर चढून उभे होते, उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली आणि हात टाकीत कोपरापर्यंत. डोळे मिटलेले. मी थांबलो. थांबायला त्यांनीच शिकवलं होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. मी माशाचं नाव विचारलं.

"आता कशाला?" ते म्हणाले.

 त्यांनी माझं मनगट धरलं, मला विटांवर ओढून घेतलं आणि माझा हात टाकीत घातला. पाणी उन्हाने कोमट झालं होतं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, हाताला हात लागून.

"काय लागतंय का?"

"नाही, आबा."

"मला बी न्हाई," ते म्हणाले, आणि हात पुसून टाकीचं झाकण लावू लागले.