जबानीआधीची प्रार्थना

रेवदंड्याची ती दुपार मला आजही लख्ख आठवते. इंग्रजी अमदानी होती आणि मी तिथे फौजदार होतो.

सकाळी एक कोळी धापा टाकत ठाण्यावर खबर घेऊन आला. त्याचा चुलतभाऊ आदल्या संध्याकाळपासून होडीसकट बेपत्ता होता. "मेव्हण्यानंच मारलाय त्याला, साहेब. वाळूत रगत पडलंय."

भरतीच्या आधी मी घाईने पंचनामा उरकला आणि मेव्हण्याला ताब्यात घेतलं. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, सदऱ्यावर रक्ताचे डाग. तरीही तो एकच घोकत होता, "मी किनाऱ्यावर गेलोच न्हाय." तो खोटं बोलतोय हे उघड होतं. पण भीतीने खोटं बोलणारा आणि गुन्हा दडवणारा वरवर सारखेच दिसतात.

दुपारपर्यंत ठाण्यासमोर जमाव जमला. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात वल्हं. "त्याला आमच्या ताब्यात द्या!" कौलांवर दगड पडू लागले. माझ्याजवळ मोजके शिपाई होते आणि अलिबागची कुमक अजून वाटेतच होती. आम्ही दाराला आतून मेज लावलं.

आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर झालेलं भांडण पाहिलेली एकच व्यक्ती होती, तिथे मासळी सुकवणारी एक ख्रिस्ती विधवा. तिला आम्ही आधीच आत घेतलं होतं. खबर देणारा खिडकीतून ओरडला, "सांग की, मेव्हण्यानं मारलं म्हणून! तू बघितलंस ना?"

गळ्यातला क्रूस मुठीत धरून तिने डोळे मिटले. ओठ नुसते हलत होते.

"बाई, लवकर बोला, दार मोडतील!" हवालदार कळवळून म्हणाला.

"थांबा, दादा. तोंडातून गेलेल्या शब्दाचा जाब मला देवापुढं द्यायचा हाय. या माणसाचा जीव माझ्या जिभेवर हाय."

दारावर धक्के बसत होते. तरी मी हवालदाराला गप्प केलं. अखेर तिने डोळे उघडले.

"तोंडं दिसली न्हाईत, साहेब. सूर्य समोर व्हता. एकानं वल्हं मारलं, दुसरा पडला. मारणारा होडी ढकलून निघून गेला. पडलेला वाळूवरच राहिला. मी भिऊन घरात शिरले. एवढंच बघितलं."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. एक शब्दही बदलला नाही. होडी मारणाऱ्याने नेली होती, आणि होडी तर बेपत्ता माणसाची! म्हणजे वल्हं मारणारा तोच असावा. मी पुढे होऊन संशयिताच्या डोक्याचा रुमाल सोडला. खाली खोल, ताजी जखम होती.

तो ढसाढसा रडला. "भांडण झालं म्हणालो असतो तर तुम्ही मलाच फासावर दिलं असतं."

मी त्याला तसाच दारात उभा केला आणि बाईची जबानी मोठ्याने सांगितली. कोणाचा विश्वास बसेना. तेवढ्यात बेपत्ता माणसाची बायको, म्हणजे याची सख्खी बहीण, गर्दीतून पुढे आली. तिने भावाची जखम पाहिली. "मग माझा मालक जिता हाय?" त्या प्रश्नाने कोयते खाली आले.

पुढचा शोध खाडीपलीकडे, नबाबाच्या संस्थानाच्या हद्दीत होता, म्हणून तिकडच्या पोलिसांना कळवलं. आगरदांड्याजवळ एका झोपडीत तो सापडला, अन्नपाण्यावाचून. मेव्हण्याला आपण ठार मारलं, अशी त्याची समजूत होती. ठाण्यावर आणल्यावर समोर तोच उभा पाहून तो किंचाळला, मग त्याच्या पायांशी कोसळला.

नंतर मी बाईंना विचारलं, "एवढा जमाव बाहेर असताना भीती नाही वाटली?"

"लय वाटली, साहेब. भीतीनं जीभ भलतंच बोलते. म्हणून आधी देवाला म्हटलं, जेवढं बघितलं तेवढंच बोलू दे."

पुढच्या नोकरीत मी साक्षीदाराला 'कोणी केलं' हे आधी कधी विचारलं नाही. 'तुम्ही स्वतः काय पाहिलं' एवढंच विचारायचो, आणि तो गप्प राहिला तर मीही गप्प राहायचो. त्या दुपारी बाई घाईने भलतंच बोलल्या असत्या, तर एका निरपराध माणसाचं प्रेत मला त्याच्या बहिणीच्या हवाली करावं लागलं असतं.