काचेबाहेरचा अंगारा

त्या वर्षी देवीवर माझा रागच होता. शरीर स्वतःवरच उलटावं आणि कातडी ताठत जावी, असा माझा आजार. भोरच्या कचेरीत शिक्के मारणारी बोटं आधी वळेनाशी झाली, मग तळहात जुळेनात. नमस्कारसुद्धा काढून घेतलास का गं, असं मी वेल्ह्याच्या मेंगाईला भांडून विचारलं होतं. फुप्फुसंही आखडू लागली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी शेवटचा उपाय सांगितला. माझ्याच मूळपेशी काढून ठेवायच्या, बिघडलेली प्रतिकारशक्ती औषधानं पुसून टाकायची आणि मग त्या पेशी परत द्यायच्या. जिवाला धोका होताच. माझं हृदय हे पेलेल का, ते त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं, महिनाभर थांबवलं, औषधाची मात्रा बेतानं ठरवली. मी मात्र त्या थांबण्यावर नुसती चिडत राहिले.

जंतूंपासून वेगळं ठेवण्याच्या काचेच्या खोलीत जाताना आईनं मेंगाईच्या अंगाऱ्याची पुडी दिली. बाहेरचं काही आत न्यायचं नाही, असं बजावलेलं असूनही मी ती लपवून नेली. औषधं झाली, पेशी परत दिल्या आणि ताप चढला. तोंडभर फोड. जंतूंशी झुंजायला अंगात काहीच उरलं नव्हतं. मी जगत नाही, असं मला स्वच्छ कळलं. पुडी सोडून अंगारा जिभेवर ठेवणार, तोच साफसफाईच्या मावशी आत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. त्या सारोळ्याच्या, एवढंच मला ठाऊक होतं.

"नगं ताई. पाया पडते तुमच्या."

"देवीचा आहे हो," मी रडत म्हणाले.

"व्हय. पन राख, माती बी हाय त्यात." मनगट न सोडता त्या म्हणाल्या, "माज्या लेकीला असल्याच खोलीत म्याच चाटवला व्हता. तिसऱ्या दिशी गेली. त्यानंच का, ते देवीला ठावं."

पुडी त्यांनी नेली. मग रोज काचेबाहेर उभ्या राहून त्या मला पदराची गाठ दाखवायच्या. अंगारा तिथं होता. कित्येक दिवस मी त्या गाठीकडे बघत पडून राहिले. एके सकाळी ताप उतरला.

आजार थांबलाय, गेलेला नाही. घरी निघताना मावशींनी पुडी परत दिली, ती घेऊन मी वेल्ह्याला गेले. डॉक्टरांचं थांबवणं, मावशींनी मनगट धरणं, दोन्ही मेंगाईचंच होतं असं मी मानते; कुणाशी वाद घालत नाही. देवीनं माझ्याच मनासारखं करावं, हा हट्ट तेवढा सोडला. हात अजून पुरते जुळत नाहीत, मध्ये फट राहते. तसाच नमस्कार केला.

मावशींच्या लेकीचं नाव मी विचारून घेतलं होतं. देवीपुढे आधी तेच घेतलं.